जाताना साडेपाच तास, येताना पंचवीस?

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो, त्याच्याकडे ती जानेवारीत पहिल्यांदाच आणि एकटी चालली आहे. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान आहे. तिकिटावर लिहिलंय की १७ जानेवारीला रात्री १:०० वाजता सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी ६:३० ला पोचणार. म्हणजे साडेपाच तास. परतीचं विमान फेब्रुवारीत दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबईत येतं, म्हणजे पंचवीस तास. नेटवर अंतर दिसतं साडेबारा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं असं धरून भागाकार केला तर चौदा तास येतात. तीन ठिकाणी तीन उत्तरं. आईला नेमकं किती तास बसावं लागणार? भाऊ म्हणतो, आखाती देशातून जाणारं तिकीट स्वस्त आहे, ते घ्यायचं का? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझं टेबल आठवलं. मुंबई विमानतळावर मी एकतीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होते. विमान कोणत्या वाटेने जाणार, वाटेत वारा कसा असणार, इंधन किती भरायचं, हे ठरवून तो कागद वैमानिकाच्या हातात देणं हे आमचं काम. 'किती तास लागतील?' हा प्रश्न मी रोज रात्री सोडवत होते, आणि उत्तर रोज वेगळं यायचं.

आधी तुमचा मुख्य हिशेब. जाताना सोळा तास, येताना साडेचौदा. तिकिटावरच्या सगळ्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची न्यूयॉर्कची. जानेवारीत न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणून तिथले सकाळचे साडेसहा म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. रात्री एक ते संध्याकाळी पाच, झाले सोळा तास. परतीला तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आणि तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत साडेचौदा.

पडताळा करायचा असेल तर तुम्ही काढलेले दोन चुकीचे आकडेच कामाला येतात. साडेपाच आणि पंचवीस यांची बेरीज करा, साडेतीस. सोळा आणि साडेचौदा यांचीही बेरीज साडेतीसच. घड्याळांतला फरक जाताना जेवढा वजा होतो, येताना तेवढाच मिळवला जातो. बेरजेत तो उरतच नाही. कुठल्याही दोन शहरांसाठी हे चालतं, फक्त मधल्या काळात तिथली घड्याळं बदललेली नसावीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. उन्हाळ्यात आपला आणि न्यूयॉर्कचा फरक साडेनऊ तासांचा होतो तो त्यामुळे. आई फेब्रुवारीत परतणार आहेत, तेव्हा तुम्हाला ही अडचण नाही.

आता तुमचा चौदा तासांचा भागाकार. तो चुकीचा नाही, पण विमान त्या वाटेने जात नाही. नेटवरचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमधलं सर्वांत जवळचं अंतर. जवळपासच्या शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घेऊन जा. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर वाटतं की विमान अरबस्तान, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जाईल. ताणलेला दोरा मात्र मुंबईतून निघतो तोच उत्तरेकडे झुकून. सिंधवरून अफगाणिस्तान, तिथून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग रशियात मॉस्कोच्या जवळून, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. नकाशावर आडवी सरळ रेघ मारून तीच दिशा धरून गेलात तर वाट दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब पडते. गोल वस्तूचं साल सपाट पसरलं की ते ताणतं आणि फाटतं, नकाशाचंही तसंच. ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो, म्हणून जवळची वाट वळसा घेतल्यासारखी दिसते.

पण दोरा सांगतो ती वाट आम्हाला क्वचितच पूर्ण मिळायची. वाटेतल्या प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं आणि तो ते बंद करू शकतो. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मिटून घेतलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. २०२२ पासून अमेरिकेच्या आणि युरोपच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही. हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास त्याआधी साडेनऊ तासांचा होता, तो तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं आपापल्या जागीच आहेत, एक तसूभर हललेली नाहीत. म्हणून कुठल्या कंपनीचं विमान आहे यावरसुद्धा वेळ बदलतो. त्याच दोन शहरांमध्ये एकाला जी वाट खुली ती दुसऱ्याला बंद असते.

तुमच्या आईंच्या प्रवासात वळणं धरून साधारण तेरा हजार किलोमीटर होतील असं समजा. तरीही जाताना आणि येताना दीड तासाचा फरक का? तुम्ही कराडच्या आहात, प्रीतिसंगमावर उभ्या राहून तुम्ही कृष्णेचा ओघ पाहिलाच असेल. पुराच्या पाण्यात पट्टीचा पोहणारा प्रवाहाबरोबर कसा सपसप जातो आणि उलटा फिरला की हात तेवढेच मारूनही काठावरचं झाड हलत नाही. वर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याच्या अशाच नद्या आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर. अमेरिकेकडे जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. पूर्ण वाटेची सरासरी नुसती पन्नास किलोमीटर धरली तरी नऊशेचे जाताना साडेआठशे होतात आणि येताना साडेनऊशे. तेरा हजारला भागून पाहा, सव्वापंधरा तास आणि पावणेचौदा तास. यात दोन्हीकडच्या धावपट्टीपर्यंतच्या सरपटण्याची चाळीसेक मिनिटं मिळवा, म्हणजे तुमच्या तिकिटावरचे आकडे येतील. तिकिटावरची वेळ ही चाकाखालचे लाकडी ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची असते, हवेत असल्याची नव्हे. वेळापत्रक करताना त्यात थोडी ढीलही ठेवतात, म्हणून विमान कधी अर्धा तास आधी पोचलं तर भावाला घाबरू नको म्हणावं. त्याने आधीच येऊन थांबावं.

जवळची वाट लवकर पोचवते असं तुम्ही गृहीत धरलंय, तर एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण ते माझं सर्वांत आवडतं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, चीन-जपानकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरीही ते साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं. संपूर्ण वाटभर वारा पाठीवर होता. आमच्यासारख्यांनी हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लांबची वाट मुद्दाम निवडायची आणि लवकर पोचायचं, हे कागदावर आम्ही कितीदा मांडून पाहिलं होतं. ते कोणीतरी खरोखर उडवून दाखवलं. वाऱ्याची करामत दुसरीकडेही दिसते. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक विमान फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन पाच तासांच्या आत पोचलं होतं, ४ तास ५६ मिनिटांत. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

विमानाचं पुरे. आईंचे तास मोजायचे तर ते कराडच्या उंबरठ्यापासून मोजा. १७ तारखेच्या रात्री एकचं विमान, म्हणजे विमानतळावर १६ तारखेच्या रात्री नऊला हजर. कराड ते मुंबई तीनशे किलोमीटर, घाटातली आणि शहरातली गर्दी धरून सात तास. तेव्हा १६ ला दुपारी दोनच्या आत घर सोडायचं. सोळा तासांनंतर न्यूयॉर्कला उतरलं की पासपोर्टची रांग, सामान यात दोन तास, आणि तिथून एडिसनला गाडीने दीड तास. आपल्या घड्याळात तेव्हा १७ तारखेचे रात्रीचे साडेआठ झालेले असतील, तिथे सकाळचे दहा. एकूण साडेतीस तास. हा आकडा मनात धरा. सोळा धरू नका.

आणि तारीख. हे मी ठळक करून सांगते, कारण एक चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका रात्री काउंटरजवळ एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. हातात स्टीलचा डबा, पांढऱ्या पंच्यात बांधलेला, आणि पंच्याच्या गाठीतून तुपाचा डाग बाहेर आलेला. डिंकाचे लाडू असणार. विमान होतं १९ तारखेला १२:४० चं, रात्रीचं. त्या १९ तारखेच्या रात्री साडेनऊला आल्या होत्या. विमान त्याच्या जवळजवळ एकवीस तास आधी गेलं होतं. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे आपल्याला माहीत असतं, पण मनात रात्र म्हणजे त्याच दिवसाची रात्र असते. आपली तिथीसुद्धा सूर्योदयाला धरून चालते, मध्यरात्रीला नाही. चूक त्यांची नव्हती असं मला आजही वाटतं. कुणीतरी एकाने बसून सांगायला हवं होतं. तुम्ही आईंच्या कॅलेंडरवर १६ तारखेच्या चौकटीत 'आज निघायचं' असं लिहा. १७ च्या चौकटीत काहीच लिहू नका.

आखातातून जाणाऱ्या तिकिटाबद्दल. मुंबई ते दुबई तीन तास, दुबई ते न्यूयॉर्क चौदा, आणि मधला थांबा समजा सात तासांचा. सोळाचे चोवीस झाले. त्यातले सात तास अनोळखी विमानतळावर, फलकावर दार क्रमांक बदलला तर तो वाचायचा, घोषणा समजून घ्यायची. बरोबर माणूस असेल तर हा थांबा चांगला. पाय मोकळे होतात, पाठ टेकता येते, आणि मी तेच सुचवलं असतं. पण ७२ वर्षांच्या बाई पहिल्यांदा, एकट्या. थेटच जाऊ द्या. वाचणारे पैसे भावाने या वेळी बाजूला ठेवावेत. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. आई चालत्याबोलत्या असल्या तरी मागा. त्याचे सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, आणि खुर्ची ढकलणारा माणूस रांगेतून, पासपोर्टच्या खिडकीपासून बाहेर भावाच्या समोर आणून सोडतो. जागा आतल्या वाटेकडेची घ्या, खिडकीची नको, म्हणजे दर दोन तासांनी उठायला कुणाची परवानगी लागणार नाही. तेवढं चालणं आणि पाणी पिणं पायांच्या शिरांसाठी आवश्यक आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की आईंना रक्तदाबाची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ अशी असते. त्यांच्या मनगटावर घड्याळ असेल तर ते भारताच्या वेळेवरच राहू द्या. विमानात कुणी काही सांगितलं तरी काटे फिरवायचे नाहीत असं बजावून ठेवा. सकाळच्या आठची गोळी विमान सुटल्यापासून सात तासांनी येईल, तेव्हा त्या रशिया किंवा युरोपच्या आसपास कुठेतरी असतील आणि बाहेर अंधार असेल. रात्री आठची येईल ती भावाच्या गाडीत, बाहेर चांगलं ऊन असताना. बाहेरच्या उजेडावर जाऊ नका, मनगटावर जा. तिथे पोचल्यावर गोळी हळूहळू तिथल्या वेळेवर कशी न्यायची हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मधुमेहाचं इंजेक्शनही असेल तर हे विचारल्याशिवाय निघूच नका.

प्रश्न : मुंबई–न्यूयॉर्क अंतर एका ठिकाणी ६,७६७ मैल दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी ७,७८८ मैल. हजार मैलांची चूक कशी होते? — निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, चूक कुणाचीच नाही, मैल दोन आहेत. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि समुद्राचा, विमानाचाही तोच, १.८५२ किलोमीटरचा. दोन्ही आकडे गुणून पाहा, साधारण १२,५३० किलोमीटरच येतात. सागरी मैल खलाशांनी पृथ्वीच्या मापातून घेतला. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल. तीनशे साठ गुणिले साठ, २१,६०० सागरी मैलांत पृथ्वीची फेरी पूर्ण. रत्नागिरीच्या बंदरावरचे जुने तांडेलही हाच मैल मोजत असणार. नेटवर नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं की किलोमीटरचा आकडा पाहावा, त्यात गोंधळ होत नाही.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेकडे निघालं तर समोरचं शहर स्वतःच विमानाकडे येत असणार. पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा. पण जास्त लागतो असं बाबा म्हणाले. — इयत्ता आठवी, वर्धा

उत्तर : असा प्रश्न मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता आणि विचारायला संकोच वाटला होता. तू विचारलास, फार बरं केलंस.

मुंबई ज्या अक्षांशावर आहे तिथली जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते, विमानापेक्षा कितीतरी जोरात. तू म्हणतोस तसं असतं तर विमानाने नुसतं वर जाऊन हवेत थांबायचं, खालून आफ्रिका आली की उतरायचं. पण एसटीत बसलेला असताना तू लिंबू वर उडवलंस तर ते तुझ्याच हातात परत पडतं, मागच्या सीटवरच्या काकांच्या डोक्यावर पडत नाही. लिंबू हातातून सुटलं तरी गाडीचा वेग त्याच्या अंगात असतोच. विमानही जमीन सोडताना पृथ्वीचा तो वेग घेऊनच वर जातं, आणि ज्या हवेतून ते उडतं ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाला सरळसरळ ना फायदा, ना तोटा.

पण तू अगदीच चुकीच्या वाटेवर नाहीस, कारण फिरण्याचा परिणाम आडून येतो. विषुववृत्ताजवळची हवा तापून वर जाते आणि ध्रुवांकडे सरकू लागते. विषुववृत्तावर जमीन आणि हवा दोन्ही ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे जात असतात. ध्रुवाकडे जावं तसा पृथ्वीचा घेर लहान होत जातो आणि जमिनीचा वेग कमी होतो. हवा मात्र आपला जुना वेग घेऊन आलेली असते, म्हणून ती जमिनीच्या पुढे पळते, पूर्वेकडे. त्यात उत्तरेची थंड आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे भिडते तिथे हा वारा आणखी जोर धरतो. वर कराडच्या ताईंना सांगितलेला जेट स्ट्रीम तो हाच. हिवाळ्यात त्याचा एक पट्टा उत्तर भारतावरूनच जातो, म्हणून दिल्लीहून गुवाहाटीला जायला कमी वेळ लागतो आणि परत यायला जास्त.

घरी फोनवर विमानं दाखवणारा नकाशा उघडता येतो, बाबांना सांग. दिल्लीच्या पूर्वेला, लखनौ-पाटण्याच्या आसपास उंचावरून जाणारं एक विमान पूर्वेकडे तोंड असलेलं निवड आणि एक पश्चिमेकडे. दोघांचा जमिनीवरचा वेग वहीत लिही, तारीख आणि वेळ घालून. काही ठिकाणी तो नॉटमध्ये असतो, म्हणजे तासाला सागरी मैल. तेव्हा गुरुजींच्या उत्तरातल्या १.८५२ ने गुण. जानेवारीत आठवडाभर कर आणि मग जुलैमध्ये पुन्हा आठवडाभर. पावसाळ्यात तो पट्टा हिमालयाच्या उत्तरेला गेलेला असतो. तुझे आकडे मला पाठव, या सदरात छापू.